इंग्रजी ऐकण्याचा सराव: वेग कमी करूनही मुलांना कळत नाही

प्रश्न:
मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. उतारा वाचून मुले उत्तरे बरोबर लिहितात. पण तोच उतारा ब्लूटूथ स्पीकरवर ऐकवला, की निम्मा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसतो. यूट्यूबवर वेग ०.७५ केला, तरी फरक पडला नाही. वर्गात एकच जुना लॅपटॉप आहे आणि इंटरनेटचा भरवसा नाही. काय करावे?

उत्तर १:
मॅडम, खरी अडचण वेगाची नसून शब्द एकमेकांत मिसळण्याची आहे. ‘पिक इट अप’ हे तीन शब्द मुलांनी पुस्तकात सुटे पाहिलेले असतात, कानावर मात्र ‘पिकिटप’ असे सलग पडते. वेग कमी केला की हे ‘पिकिटप’ लांबते, सुटत नाही. माझ्या वर्गात हे ऐकवून किती शब्द ते बोटांवर दाखवा म्हटले, तर बहुतेकांनी एकच बोट वर केले! म्हणून मी व्हीएलसी प्लेअर वापरतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि सुरुवात व शेवट ठरवून दिल्यास एकच वाक्य हवे तितके वेळा फिरवता येते. आधी नुसते ऐकणे, मग शब्द मोजणे आणि शेवटी लिहिणे, असा क्रम ठेवावा. एका तासाला तीन-चार वाक्ये पुरतात.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे. फक्त सबटायटल अगदी शेवटी दाखवावेत, कारण अक्षरे समोर आली की मुले ऐकणे सोडून वाचू लागतात. ऐकवण्यासाठी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे १९५९ साली सुरू झालेले सोप्या इंग्रजीतील कार्यक्रम बरे पडतात, कारण त्यांत शब्दसंग्रह सुमारे १,५०० शब्दांपुरता ठेवून सावकाश वाचलेले असते. मात्र त्यात शब्द बरेचसे सुटेच ऐकू येतात, त्यामुळे ते सुरुवातीपुरतेच. पुढे आपल्याच आवाजात एक वाक्य दोनदा ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवावे: एकदा ‘आय कॅन कम’ असे सुटे, एकदा बोलण्याच्या ओघातले, ज्यात ‘कॅन’चा नुसता ‘कन्’ उरतो.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. बोटांचा प्रयोग उद्याच करते. व्हॉट्सॲपचे मात्र अवघड आहे; बऱ्याच घरी फोन एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो.

उत्तर २:
मग तेच ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर घेऊन परिपाठानंतर पाच मिनिटे वाजवा. आमच्याकडेही तसेच चालते.