'धारण' म्हणजे नेमकं काय? (झड, ओल अन् काळ पण आलेच त्यात)

धुऱ्यावरचा: मंडळी, आबाजीच्या पेटीत पणजोबाची वही सापडली. अर्धी मोडीत, अर्धी बाळबोध, वाळवीनं कोपरे खाल्लेले. एका पानावर असं आहे: "फसली १३०९. मिरग कोरडा. आडदऱ्यात येक पाणी, ओल बोटभर. मंग खंड. जवारीची धारण गुदस्ता ६ पायल्या, अवंदा ३." मिरग (मृग), आडदरा (आर्द्रा) ही पावसाची नक्षत्रं, तेवढं कळलं. आता मला वाटलं धारण म्हणजे भाव, अन् सहाचा तीन झाला म्हणजे स्वस्ताई झाली, चांगलं साल असंन. पण खालीच लिहिलंय "म्हैस इकली, बैल इकला." स्वस्ताईत बैल कोण विकते बे?

जुनी किर्द: तुम्ही उलटं वाचलं राव. धारण म्हणजे भावच, पण तो आजच्यासारखा किलोला इतके रुपये असा नाही, रुपयाला किती माल असा लिहायचे. गुदस्ता म्हणजे मागल्या साली रुपयाला ६ पायल्या मिळायच्या, अवंदा म्हणजे या साली ३ च, म्हणजे ज्वारी दुपटीनं महाग झाली. जुन्या कागदांत "रुपयास अमुक शेर धारण" असंच दिसते, आकडा लहान झाला की समजायचं लोकाईचे हाल चालू आहेत. अन् पायली (धान्य मोजायचं जुनं माप) सगळीकडं सारखी नव्हती, म्हणून दोन गावच्या धारणा शेजारी ठेवून ताळा करायला जाऊ नका, एकाच वहीत मागचं-पुढचं साल पाहा.

मास्तर: फसलीचं (सारावसुलीच्या जुन्या सालाचं) कोणी काही बोललं नाही म्हणून सांगतो. इसवी सन काढायला आपल्याकडच्या दख्खनी फसलीत ५९० मिळवायचे. १३०९ म्हणजे १८९९-१९००. आता गावातल्या एखाद्या जुन्या मारवाडी सावकाराच्या घरी वही असली तर तिथं याच सालाला संवत १९५६ लिहिलेलं मिळंन, अन् राजस्थानात त्यालाच छपनिया काळ म्हणतात. वऱ्हाड, मध्यप्रांत, गुजरात, सगळीकडं पाऊस दगा देऊन गेला होता त्या साली. तुमच्या पणजोबाचा बैल त्याच काळात गेला. इथं 'काळ' म्हणजे वेळ नाही हं, दुष्काळ. "काळ पडला" असं माझी आजी म्हणायची, दुष्काळ शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही.

धुऱ्यावरचा: बापरे. अंगावर काटा आला. मी तर वही रद्दीत देणार होतो.

पऱ्हाटी: देऊ नका! असल्या वह्यांवर जगात अभ्यास चालते. जपानात क्योटोच्या चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, त्यावरून तिथला वसंत किती उबदार होता ते काढतात. आपल्याकडं हवामान खातं १८७५ ला सुरू झालं, त्याच्या आधीचा पाऊस कशातून काढायचा? अॅडमसन अन् नॅश या संशोधकांनी पश्चिम भारताचा १७८१ ते १८६० चा मान्सून पत्रं, रोजनिश्या, वर्तमानपत्रं असल्या कागदांतून मांडला. पण मला विचाराल तर आपली नक्षत्रं त्याहून कामाची. तिथी अधिक महिन्यानं मागंपुढं होते, नक्षत्र सूर्याचं आहे, ते हलत नाही. मिरग ७-८ जून, आडदरा २१-२२ जून, आश्लेषा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. "आडदऱ्यात येक पाणी" म्हणजे जूनच्या शेवटी एकच पाऊस, तारीख लिहिल्यासारखंच झालं न ते. (साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकते म्हणा, शिवकाळचा मिरग चार-पाच दिवस आधी. पण १८९९ साठी दीड दिवसाचा फरक, सोडून द्या.)

अन् 'ओल बोटभर' हे तर पर्जन्यमापकच समजा. आमचा बाप अजूनही वावरात काडी खुपसून ओल पाहते. बोटभर ओलीवर पऱ्हाटी (कापूस) टोबली, म्हणजे बी टोचून लावलं, तर दुबार पेरणी पक्की.

वांझोटा ढग: सगळं खरं, पण धारणीवर आंधळा विश्वास ठेवू नका बॉ. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, त्यानंतर आपली ज्वारी वाघिणीत (मालगाडीच्या डब्यात) बसून जिकडं महाग तिकडं जायला लागली. म्हणजे इथं पाणी बरं असलं तरी धारण उतरू (म्हणजे भाव चढू) शकते. अन् सारासुटीच्या (शेतसारा माफ करा म्हणायच्या) अर्जात तर सगळ्यांचंच पीक बुडते, सूट पाहिजे म्हटल्यावर आठ आण्याचं पीक चार आणेच होणार. अर्जापेक्षा घरची वही बरी, तिथं खोटं कोणासाठी लिहायचं?

धुऱ्यावरचा: पुढच्या एका सालात "श्रावणात झड ९ दी, गवऱ्या वल्या" आहे. झड म्हणजे जोराचा पाऊस का?

मास्तर: जोराचा नाही, न थांबणारा. बारीक का असेना, पण सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत. तासाभरात नदी-नाले एक करते तो वेगळा. झड मोडली की 'उघाड'. ९ दिवस झड म्हणजे निंदण-डवरण बोंबललंच असंन, पाणी भरपूर अन् पीक पिवळं. त्याला ओलं साल म्हणा, चांगलं साल नका म्हणू.

धुऱ्यावरचा: अजून एक. "पुसात धुई, तुरीचा बार गेला." पौषात धुकं पडलं अन् तुरीचा फुलोरा गेला, हे मला विचारायची गरज नाही पडली, मागच्याच थंडीत आमच्या वावरात झालं.