अपडेटनंतर आवाज गेला, स्लीपमधून उठवल्यावर स्क्रीन काळी: नेमकं काय मागे घ्यायचं?

लेखन_टेबल:
घरचा लॅपटॉप आहे, विंडोज ११ होम, आवृत्ती २४एच२. परवा रात्री अपडेट आपोआप बसलं आणि सकाळपासून दोन गोष्टी बिघडल्या आहेत. एक, स्पीकरचं चिन्ह दिसतं, पट्टीही वरखाली होते, पण आवाज येत नाही. दोन, झाकण बंद करून उघडलं की स्क्रीन काळी राहते. कर्सर दिसतो, बाकी काही नाही. दोनदा रीस्टार्ट केलं, फरक नाही.

रिकव्हरीमध्ये 'गो बॅक'चं बटण फिकट दिसतं, दाबता येत नाही. 'अनइन्स्टॉल अपडेट्स'च्या यादीत परवाच्या तारखेची दोन अपडेट्स आहेत. त्यातलं कोणतं काढू? काढल्यावर फोटो आणि कागदपत्रं जागेवर राहतील ना? आणि दोन दिवसांनी तेच अपडेट परत येऊन बसलं तर एवढं करून उपयोग काय?

जुना_बायोस:
अजून काहीच काढू नका. परवा रात्री नेमकं काय काय बसलं ते आधी बघा, कारण प्रत्येक प्रकाराचं अपडेट मागे घ्यायची वाट वेगळी आहे आणि चुकीची वाट धरली तर तासभर जाऊनही बिघाड तसाच राहतो.

सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री. तिथे वेगवेगळे गट दिसतील: फीचर, क्वालिटी, ड्रायव्हर, डेफिनिशन, अदर. 'गो बॅक' हे बटण फक्त फीचर अपडेटसाठी, म्हणजे विंडोजची अख्खी आवृत्ती बदलते तेव्हासाठी असतं. तेही नंतरचे १० दिवसच. तुमच्याकडे नेहमीचं मासिक अपडेट बसलेलं दिसतंय, त्यामुळे ते बटण फिकट असणं स्वाभाविक आहे.

'ड्रायव्हर अपडेट्स'चा गट उघडा (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला स्पीकर, स्क्रीन अशी उपकरणं चालवू देणारं सॉफ्टवेअर). परवाच्याच तारखेला ऑडिओ किंवा डिस्प्लेचं काही बसलेलं दिसलं तर पहिला संशय त्यावर. आवाज जाणं आणि स्लीपमधून उठताना स्क्रीन काळी राहणं ही दोन्ही लक्षणं ड्रायव्हरकडे बोट दाखवतात. मासिक अपडेट काढलं तरी सोबत आलेला ड्रायव्हर निघत नाही, कारण त्याची नोंद वेगळी असते. लोक इथेच फसतात. अपडेट काढतात, आवाज येत नाही, मग वैतागून अख्खी विंडोज नव्याने टाकतात.

तारखा जुळवायच्या असतील तर स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी' लिहा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडा. दिवसाला एक उभा स्तंभ असतो. परवाच्या स्तंभावर क्लिक केलं की त्या दिवशी बसलेलं आणि कोसळलेलं सगळं खाली एकत्र दिसतं.

काळ्या स्क्रीनची एक सोपी परीक्षा आहे. स्क्रीन काळी असतानाच विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी नव्याने सुरू होतो. क्षणभर चमकून किंवा बीप वाजून चित्र परत आलं, तर बिघाड डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये आहे असं धरून चाला.

ड्रायव्हर मागे न्यायची रीत:

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'मध्ये तुमचं ऑडिओ उपकरण शोधा, त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब. आधी तिथली तारीख आणि आवृत्तीचा आकडा कागदावर लिहून घ्या. मग 'रोल बॅक ड्रायव्हर'. कारण विचारलं तर कोणतंही निवडा, त्याने पुढच्या कामात फरक पडत नाही. झाल्यावर रीस्टार्ट करा आणि त्याच टॅबमध्ये जाऊन आकडा खरंच बदलला का ते पडताळा.

'रोल बॅक' फिकट असेल तर मागची प्रत त्या उपकरणाच्या नावावर जपून ठेवलेली नाही. अशा वेळी त्याच टॅबमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक' असं जा. बऱ्याचदा त्या यादीत एकाच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. जुनी निवडा. तिथेही नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घ्या. ड्रायव्हर गोळा करून देणारी तिसऱ्यांची सॉफ्टवेअर कृपा करून वापरू नका.

सेफ_मोड:
वरचं सगळं बरोबर. ड्रायव्हरने भागलं नाही तर मासिक अपडेट काढायचं कसं, ते सांगतो.

त्याआधी एक गोष्ट न चुकता करा: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की. 'होम'मध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने डिस्क कुलूपबंद असू शकते. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे बघा. चालू असेल तर ती ४८ अंकी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. दुसऱ्या उपकरणावरून खातं उघडून ती वहीत उतरवा आणि सोबत की आयडीचे पहिले आठ अक्षर-अंकही लिहा. घरात दोन संगणक असले की कोणती की कुणाची हे त्यावरूनच कळतं. अपडेटच्या उलाढालीत संगणक सुरू होताना ही की मागू शकतो. जुलै २०२४च्या मासिक अपडेटनंतर काही संगणकांवर असं झालं होतं. की हाताशी नसेल तर डिस्कवरचा डेटा कायमचा गेला म्हणून समजा.

आता दोन अपडेट्सपैकी कोणतं? अपडेट हिस्ट्रीमध्ये नावं पूर्ण दिसतात. ज्याच्या नावात 'डॉट नेट फ्रेमवर्क' आहे त्याला हात लावू नका, आवाजाशी त्याचा संबंध नाही. दुसरं, म्हणजे विंडोजचंच मासिक अपडेट, त्याच्या नावातल्या 'केबी' या अक्षरांनंतरचा सात अंकी आकडा टिपून घ्या. मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'च्या यादीत तोच आकडा शोधून अनइन्स्टॉल दाबा.

चार्जर लावलेला असू द्या. रीस्टार्टच्या वेळी टक्क्यांचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबतो. तेव्हा अडकलं असं समजून पॉवर बटण दाबू नका. फायली बदलण्याचं काम अर्धवट तुटलं तर विंडोज उघडेनाशी होते, आणि मग दुरुस्ती कितीतरी जास्त लांबते.

झाल्यावर विंडोज आणि आर दाबून 'विनव्हर' चालवा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). बिल्डचा (विंडोजच्या नेमक्या आवृत्तीचा) आकडा २६१०० आणि त्यापुढे बिंदू देऊन आणखी काही अंक असा दिसेल. बिंदूनंतरचा भाग आधीपेक्षा लहान झाला असेल तर अपडेट खरोखर निघालं. म्हणून काढण्याआधीच त्या आकड्याचा फोटो घेऊन ठेवा.

यादीत 'सर्व्हिसिंग स्टॅक'समोर (अपडेट्स बसवणारा विंडोजचा भाग) अनइन्स्टॉल नसतं. तो भाग कायमचा असतो, काढता येत नाही. मासिक अपडेटसोबत तो एकाच गठ्ठ्यात येतो, म्हणून 'वुसा'ची (अपडेट बसवण्या-काढण्याचं विंडोजचं साधन) अनइन्स्टॉल आज्ञा त्या गठ्ठ्यावर चालत नाही. आज्ञेनेच काढायचं झालं तर डी-आय-एस-एमने (विंडोजचे भाग तपासणारं-दुरुस्त करणारं आज्ञेचं साधन) पॅकेजांची यादी मागवायची, 'रोलअपफिक्स' असं नाव असलेलं ताजं पॅकेज शोधायचं आणि तेवढंच काढायचं. 0x800f0825 ही त्रुटी आली तर त्याचा अर्थ एवढाच की ते पॅकेज काढता न येण्याजोगं झालं आहे. जागा मोकळी करण्यासाठी कुणी 'रीसेटबेस'ची आज्ञा चालवलेली असेल तरी असंच होतं, कारण परत जायला लागणाऱ्या जुन्या फायली त्यात पुसल्या जातात.

फोटो आणि कागदपत्रांबद्दल: मासिक अपडेट काढताना तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. तरी महत्त्वाचं एकदा बाहेरच्या डिस्कवर उतरवाच. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीने काही लोकांच्या फायली पुसल्या होत्या आणि तिचं वाटप थांबवावं लागलं होतं. इतकं क्वचित घडतं, पण बॅकअप त्यासाठीच असतो.

लेखन_टेबल:
खूप आभार. चार बटणांची परीक्षा केली, बीप वाजली आणि चित्र आलं. हिस्ट्रीमध्ये परवाच्या तारखेला ऑडिओ आणि डिस्प्ले दोन्ही ड्रायव्हर दिसले. ऑडिओचं रोल बॅक चाललं, आवाज आला! डिस्प्लेचं बटण फिकट होतं, पण 'लेट मी पिक'मध्ये दोन आवृत्त्या आहेत, त्यातली जुनी टाकते. मासिक अपडेटला हात लावलेला नाही. आता हे ड्रायव्हर परत येऊ नयेत यासाठी काय करू? होममध्ये ग्रुप पॉलिसी (अशा गोष्टींवर नियम लावायचं साधन) नाही.

बॅकअप_आधी:
मासिक अपडेट ठेवलंत हे उत्तम केलंत. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. ते काढलं की त्या महिन्यात जाहीर झालेली छिद्रं तुमच्या संगणकावर उघडी राहतात, आणि जाहीर झालेल्या छिद्रांवरच हल्ले आधी होतात. इलाजच नसेल तरच काढावं, तेही थोड्या दिवसांसाठी.

वर एक मुद्दा राहिला. मासिक अपडेटमधल्या चुका मायक्रोसॉफ्ट बऱ्याचदा दुरूनच मागे घेते. त्याला 'नोन इश्यू रोलबॅक' म्हणतात. अपडेट तसंच राहतं, फक्त त्यातला बिघडलेला बदल बंद होतो आणि जुना कोड चालू लागतो. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना हे लागू नाही, बाकीच्या बदलांना आहे. घरच्या संगणकांवर हे आपोआप पोचतं. त्याला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, मधे एकदोनदा रीस्टार्ट केलं तर लवकर लागू होतं. म्हणून संगणक वापरण्याजोगा असेल तर एक दिवस थांबावं आणि 'विंडोज रिलीज हेल्थ' पानावर तुमच्या आवृत्तीखाली तीच तक्रार नोंदली आहे का ते बघावं, असं माझं मत आहे.

ड्रायव्हर परत येऊ नयेत म्हणून: स्टार्टच्या शोधात 'चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' लिहा, उघडणाऱ्या छोट्या चौकटीत 'नो' निवडा आणि सेव्ह करा. मात्र पुढे नवा प्रिंटर वगैरे जोडलात तर त्याचा ड्रायव्हर स्वतः टाकावा लागू शकतो.

शिवाय विंडोज अपडेटमध्ये 'पॉज अपडेट्स' आहे, जास्तीत जास्त ५ आठवडे. एक आठवडा पुरे. मुदत संपली की आधी साचलेली अपडेट्स बसवावी लागतात, मगच पुन्हा पॉज करता येतं. म्हणजे हा वेळ घेण्याचा उपाय आहे, कायमचा नाही. त्याच पानावर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज…' असा खटका आहे, तो बंद ठेवा. चालू असेल तर महिन्याच्या शेवटी येणारी प्रीव्ह्यू (पुढच्या मासिक अपडेटमधल्या बदलांची आगाऊ) अपडेट्सही तुमच्याकडे आधी येतात.

जुना_बायोस:
डिस्प्ले ड्रायव्हर टाकून झाला की 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट'च करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. दुरुस्ती होऊनही लक्षण तसंच राहिल्याचं वाटतं ते पुष्कळदा यामुळे.

सेफ_मोड:
विंडोज उघडतच नाही अशी वेळ आली, तर त्यासाठी:

लोगो दिसताच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे दोन पर्याय असतात, ताजं क्वालिटी अपडेट किंवा ताजं फीचर अपडेट. मासिकासाठी पहिला.

'अनडूइंग चेंजेस' लिहून संगणक पुन्हापुन्हा स्वतःच रीस्टार्ट होत असेल, तर त्याच ठिकाणी कमांड प्रॉम्प्ट उघडा. इथे सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, म्हणून आधी 'डीआयआर' चालवून विंडोजचं फोल्डर कोणत्या अक्षरावर आहे ते शोधा. मग त्या अक्षरावर डी-आय-एस-एमची आज्ञा, 'क्लीनअप इमेज'सोबत 'रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स' हा पर्याय लावून. अर्धवट राहिलेली अपडेट्स त्याने रद्द होतात.

एक पेन ड्राइव्ह, किमान ८ जीबीचा, विंडोजचं इन्स्टॉलेशन टाकून तयार ठेवा. ऑक्टोबर २०२५च्या मासिक अपडेटनंतर या निळ्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते. २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ हे तातडीचं अपडेट काढून ते दुरुस्त केलं गेलं. तोवर ज्यांची विंडोज उघडत नव्हती त्यांना त्या पडद्यावर काही निवडताच येत नव्हतं. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की दुरुस्तीची साधनं त्या ड्राइव्हमधली वापरली जातात, डिस्कवरची बिघडलेली नाहीत.

लेखन_टेबल:
जुना डिस्प्ले ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं. झाकण पाच वेळा बंद करून उघडून पाहिलं, पाचही वेळा स्क्रीन लगेच आली. 'नो' निवडलंय, पॉज एक आठवडा ठेवलंय. रिकव्हरी की वहीत लिहिली, आयडीसकट. पेन ड्राइव्ह आज रात्री करते.