जुना लॅपटॉप उघडलात? आत काय निघालं ते इथे लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. तेव्हापासून ओळखीपाळखीतून सारखी विचारणा होते: लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ घेत नाही, आता काय करू? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१६-१७ पर्यंतची कितीतरी चांगली यंत्रं कपाटात जाऊन पडली आहेत, काही तर भंगारवाल्याच्या तराजूत.

माझं म्हणणं इतकंच आहे की लॅपटॉप अख्खा कधी मरत नाही. त्याचा एखादा भाग जातो. तो कोणता, हे शोधायच्या आधी त्याला घराबाहेर काढू नका. ज्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलाय त्यांनी इथे लिहावं: काय बिघडलं होतं, कसं शोधलंत, आणि ते यंत्र आज काय काम करतंय.

सुरुवात माझ्यापासून. ऑफिसच्या लिलावातून थिंकपॅड एक्स२२० घेतला, २०११ चं मॉडेल. सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की ऑफिसात सगळ्यांनी त्याच्यावर काट मारली होती. बाजूचा एक स्क्रू काढला की हार्ड डिस्क ओढून बाहेर येते. तिच्या जागी एसएसडी घातली. या खाचेत ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क बसते, जुनी साडेनऊची बसत नाही, हे विकत घेताना बघा. तळाचं झाकण उघडून रॅम ४ ची ८ जीबी केली. मग पंखा काढला. पंख्याच्या पात्यांवर धूळ फारशी नव्हती, सगळी साचली होती ती पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत. गोधडीच्या अस्तरासारखा सलग थर चिमट्याने एका तुकड्यात निघाला. नुसती बाहेरून हवा मारली असती तर तो तसाच राहिला असता. प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी जुनी थर्मल पेस्ट खडखडीत वाळली होती, ती पुसून नवी लावली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. माझं सगळं लिखाण, बँकेची कामं, मुलीचे ऑनलाइन तास आता त्याच्यावरच होतात.

एक आवर्जून सांगतो. या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका खुद्द कंपनीनेच उपलब्ध करून दिलेली आहे, कुठला स्क्रू किती लांबीचा तेसुद्धा चित्रासह. आपलं मॉडेल घालून तशी पुस्तिका शोधा आणि वाचूनच हात घाला.

*

आमचा छापखाना आहे, सातारा जिल्ह्यात. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दिवाळी अंकाची थोडी कामं. पंचवीस वर्षांचा मजकूर पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, तीही २००१ ची. आणि आमच्या श्रीलिपीचं कुलूप म्हणजे प्रिंटरच्या लांबट पोर्टात बसणारा डाँगल. तो लावला नाही तर काही उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं.

म्हणून थिंकपॅड टी४२ जपून ठेवलाय. त्याला ते पोर्ट आहे, आत विंडोज एक्सपी आहे, आणि मी त्याला नेट लावत नाही. डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला तशी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत. ही डिस्क ४४ पिनांची, आयडीई जातीची; नवीन मिळणं अवघड. पण एक छोटा अडॅप्टर मिळतो, त्यात एमसॅटा जातीची एसएसडी बसवली की लॅपटॉपला ती आयडीई डिस्कच वाटते. प्रत तीवर उतरवली, पहिल्याच फटक्यात पेजमेकर उघडलं.

आता संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की जुने अहवाल एकेक करून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणतोय. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी: जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. चांगला कन्व्हर्टर ती बरोबर सरकवतो, पण जोडाक्षराआधी वेलांटी आली की डोळ्यांनी तपासावंच लागतं. 'स्थिती', 'व्यक्तित्व', 'क्लिष्ट' असे शब्द शोधून बघा, चूक असेल तर तिथेच सापडते. गावच्या सोसायटीचे, तालमीचे, वाचनालयाचे अहवाल आहेत हे. दुसरीकडे कुठेही नाहीत. टी४२ गेला असता तर तेही गेले असते.

*

सांगलीहून लिहितोय. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ आहे, यावरून अंदाज करा. पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही माणसं आणि कागदपत्रं काढली. लॅपटॉप राहिला. पाणी ओसरल्यावर गाळातून काढला तेव्हा वडील म्हणाले, टाकून दे. पण त्यात आईचे शेवटच्या वर्षांतले फोटो होते.

चालू करून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरणं हीच खरी दुरुस्ती. ओल्या बोर्डात वीज गेली की गंज तासाभरात तांबं खातो. बॅटरी काढली, आतली बिल्ल्याएवढी बॅटरीसुद्धा काढली (ती लोक विसरतात, आणि तिच्यातून वीज जातच राहते). मग सगळं सुटं केलं. गाळ आधी डिस्टिल्ड वॉटरने धुतला. नळाच्या पाण्याने नाही, त्यातले क्षार मागे राहतात. नंतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. सगळ्यात जास्त वेळ रॅमच्या खाचांत आणि चिपच्या खाली गेला. वरून स्वच्छ दिसणाऱ्या चिपच्या कडेला ब्रश लावला की खालून राखाडी पाणी येतच राहायचं. ते यायचं थांबेपर्यंत धूत राहायचं, हा एकच नियम. नंतर पंख्याखाली वाळवलं, उन्हात नाही.

डिस्क मी उघडली नाही. घरी कुणी उघडूही नका, धुळीचा एक कण पुरतो. तिचा बाहेरचा हिरवा बोर्ड तेवढा अल्कोहोलने पुसला, यूएसबीच्या केसमध्ये घातली, दुसऱ्या यंत्राला लावली आणि डीडी-रेस्क्यू हा बिघडत्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम चालवून अख्खी डिस्क आधी दुसरीकडे उतरवली. फोटो मिळाले. सगळे.

लॅपटॉप पण चालू झाला. कीबोर्ड गेला, स्क्रीनवर पाण्याचे डाग राहिले. आता दुकानात बिलं करतो, बाहेरचा कीबोर्ड लावून.

*

माझी एक अडचण आहे, आधी ती विचारते. माझा जुना लॅपटॉप चार्जरवर लावला की चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि इतका हळू होतो की माऊससुद्धा अडखळतो. दुरुस्तीवाले म्हणतात बोर्ड गेला, बोर्डाच्या किमतीत दुसरा लॅपटॉप येईल. खरंच बोर्डच असेल का?

*

ताई, बोर्डावर जाण्याआधी चार्जरचं टोक बघा. गोल पिनच्या मधोमध सुईसारखी बारीक तार आहे का? काही कंपन्या तिच्यातून चार्जरची ओळख पटवतात, किती वॅटचा आहे वगैरे. ती तार वाकली, तुटली, किंवा वायर आतून पिचली की वीज येते पण ओळख पटत नाही. मग लॅपटॉप बॅटरी भरणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतो. सुरू होताना 'अडॅप्टर ओळखता आला नाही' अशा अर्थाचा संदेश येतो का बघा. कुणाचा तरी त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा चार्जर मागून लावा, दहा मिनिटांत कळेल.

*

आलंय तसा संदेश! मी दरवेळी एंटर दाबून पुढे जायचे. शेजारच्या काकांचा चार्जर लावला, वेग परत आला आणि बॅटरीही भरतेय. मनापासून आभार.

*

मालवणचा अनुभव वेगळा. इथे धुळीपेक्षा खारी हवा वैरी. लॅपटॉप चालू होत नाही, नुसत्या बीप देतो, असं कोणी घेऊन आलं की मी आधी रॅम काढतो. सोनेरी पट्ट्यांवर फिकट पापुद्रा धरलेला असतो. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचा, भुगा झटकायचा, परत बसवायची. बरेच लॅपटॉप एवढ्यावर उठतात.

दुसरी नेहमीची तक्रार: 'नेट चालतं पण एकही साइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणते.' उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती बिल्ल्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटतं. तीन व्होल्टची सेल, बरेचदा सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळते. लॅपटॉपात तिला वायर जोडलेली असते, ती जपून काढायची. पावसाळ्यात यंत्र वापरात नसलं तरी चार दिवसांआड तासभर चालू ठेवा, आतली ओल उडते.

*

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, पालघर जिल्ह्यात. आमच्याकडे मोबाइलची रेंज डोंगराच्या एका बाजूलाच.

देणगीत आलेले नेटबुक पडून होते, २००८ च्या सुमाराचे, अॅटम एन२७० प्रोसेसरवाले. हा प्रोसेसर ३२ बिटचाच, त्यामुळे आजचे बहुतेक लिनक्स त्याच्यावर चढत नाहीत. उबुंटू या लिनक्सने ३२ बिट केव्हाच सोडलं, डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीतही त्याचा इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ मात्र चढतं. हलका डेस्कटॉप घेतला, एलएक्सडीई.

पण त्यांच्याकडून जड काम करून घ्यायचंच नाही असं ठरवलं. एका जरा बऱ्या लॅपटॉपवर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) घातलं आणि त्यात अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला. तो लॅपटॉप साध्या राउटरला जोडला. राउटरला इंटरनेट नाही. मुलं नेटबुकच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकतात आणि लेख उघडतो. साधी पानं, त्यामुळे ते छोटे नेटबुकही पुरतात. सातवीच्या मुली रोज मधल्या सुट्टीत येतात. त्यांनी सगळ्यात आधी शोधलं ते आपल्या तालुक्याचं पान, आणि ते किती त्रोटक आहे हे बघून त्या चिडल्या. आता वहीत भर लिहून काढताहेत. रेंजमध्ये गेलो की मी ती चढवणार आहे.

आपल्याच राज्यात हे आधीही झालंय. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या एका छोट्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाची हिरवी-पांढरी यंत्रं आली होती. ४३३ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, आणि भर उन्हात वाचता येणारी स्क्रीन. आमच्या नेटबुकांची ताकद त्यापेक्षा पुष्कळ आहे.

*

नेदरलँड्समधून. इथे २००९ मध्ये मार्टिने पोस्टमा यांनी अ‍ॅमस्टरडॅमला पहिलं रिपेअर कॅफे, म्हणजे एकत्र जमून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायचा मेळावा, भरवलं, आता ते गावोगावी भरतात. मी आमच्या भागातल्या कॅफेत लॅपटॉपच्या टेबलावर बसते. नियम एकच, वस्तूच्या मालकाने शेजारी बसायचं आणि स्क्रू स्वतः काढायचे.

मागे एक आजोबा २०१२ चा अॅल्युमिनियमचा लॅपटॉप घेऊन आले. दोनदा डिस्क बदलून झाली होती, तरी सुरू होताना अडकायचा. आम्ही डिस्क काढून यूएसबीने बाहेरून जोडली, त्याच डिस्कवरून यंत्र झटकन सुरू झालं. म्हणजे डिस्क चांगली, बोर्ड चांगला. मधली कागदासारखी पातळ केबल दोषी. घडीवर तिचा रंग उडालेला दिसतही होता. केबल बदलली. दोन डिस्कांचे पैसे वाचले असते, फक्त कोणीतरी आधी एकेक भाग वेगळा करून बघायला हवा होता.

*

मी डोंबिवलीची, मंत्रालयातून निवृत्त. भाच्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालून दिलं. मला भीती होती ती मराठीची. पण कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायची कागपा पद्धतही आहे. बोटं इन्स्क्रिप्टवर बसलेली, ती तशीच चालली. 'दुसऱ्या'मधला ऱ्या सुद्धा नीट येतो: शिफ्ट जे, डी, तिरकी रेघ, ई. वडिलांच्या मोडकळीला आलेल्या वह्या उतरवून काढते आहे.

एक विचारायचं होतं. लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, एका बाजूने डुगडुगतो, आणि टचपॅडचं बटण दाबलं जात नाही. पाय झिजले असतील का?

*

धागाकर्ता: काकू, हे वाचल्या वाचल्या लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. ही बॅटरी फुगल्याची लक्षणं आहेत. ती टचपॅडला खालून रेटते. दाबू नका, टोचू नका, कपाटात गादीखाली वगैरे ठेवू नका. मोकळ्या फरशीवर, जळण्यासारखं काही जवळ नाही अशा जागी ठेवा. भाच्याला सांगून बॅटरी काढून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. काही लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात, तुमचाही चालेल बहुधा. मॉडेलचा नंबर तळाच्या स्टिकरवर असेल तो इथे लिहा, बॅटरी कुठली बसेल ते बघून सांगतो.