मदत हवी: अल्फाफोल्डमध्ये झकास हेलिक्स, सीडीमध्ये काहीच नाही

वळणदार
पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) डिझाइन केलंय. अल्फाफोल्डमध्ये (आकार वर्तवणारं एआय) या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलिक्स (स्प्रिंगसारखं वेटोळं), पीएलडीडीटी, म्हणजे त्याचा खात्रीचा गुण, 100 पैकी 90 च्या वर. एमडी (रेणूच्या हालचालींचं सिम्युलेशन) 200 नॅनोसेकंद चालवलं, हेलिक्स जागचा हलला नाही. सिंथेसिस करून आणलं तर सीडीत (प्रकाशावरून हेलिक्सचं प्रमाण मोजायचं तंत्र) 222 नॅनोमीटरला जेमतेम −4,000; आकडा जितका जास्त ऋण, तितका हेलिक्स जास्त. कुठलं टूल वापरलं म्हणजे सिक्वेन्स नीट मिळेल? शुक्रवारी ग्रुप मीटिंग आहे, जरा लवकर सांगा.

सीडीवाली
सिक्वेन्स? बफर? टोकं मोकळी की झाकलेली? पेशंट न दाखवता औषध विचारताय.

वळणदार
जी आय जी के एल एल के ए ए के आर एफ जी के ए एल व्ही के (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल; के लायसिन, जी ग्लायसिन). पीबीएस (खारट फॉस्फेट बफर), पीएच 7.4, 50 मायक्रोमोलर, 25 अंश. टोकं साधीच. टूलचं सांगा ना.

कोथरूडचा_कोड
प्रोटीनएमपीएनएन, आकार दिला की सिक्वेन्स सुचवतं. विषय संपला.

पाषाणकर
कसला संपला? एकट्या सुट्या हेलिक्सचा बॅकबोन (साखळीचा कणा) दिला की ते ग्लुटामेट, लायसिन, ॲलनिनचा रतीब घालतं. आजूबाजूला पाणी आहे की लिपिड (मेम्ब्रेन म्हणजे पेशीपटल, त्यातली चरबी), हे त्याला कोण सांगणार?

वळणदार, तुमचा सिक्वेन्स वाईट नाही. दर रेसिड्यूला (साखळीतलं एकेक अमिनो आम्ल) 100 अंश धरून चक्र काढा. 4, 7, 11, 14, 18 हे धन भार एका बाजूला, 2, 5, 6, 9, 12, 16, 17 ही जलविरोधी मंडळी दुसऱ्या बाजूला. म्हणजे हा मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर आडवा पडणारा हेलिक्स आहे. बेडकाच्या कातडीतलं जंतुनाशक पेप्टाइड मॅगेनिन 2 सुद्धा पाण्यात विस्कळीतच असतं, ऋण भाराच्या लिपिडवर गेलं की वळतं. पाण्यात तुमच्याकडे एकूण +6 भार, एकही ऋण साखळी नाही, तीन ग्लायसिन, आणि वर अमिनो टोक मोकळं. हेलिक्सच्या द्विध्रुवाचं धन टोक तिथेच असतं, त्यामुळे तिथला धन भार त्याला नडतो. हे पाण्यात का वळावं? अल्फाफोल्डच्या उत्तरात द्रावक नसतोच.

मुळात हवंय कुठे, पाण्यात की मेम्ब्रेनमध्ये?

वळणदार
दोन्हीकडे. जंतुनाशक म्हणून आहे.

सीडीवाली
आधी मोजमापाचं बघू. यात ट्रिप्टोफॅनही नाही, टायरोसिनही नाही, म्हणजे 280 नॅनोमीटरच्या प्रकाशात सांद्रता मोजता येणार नाही. वजनावरून 50 मायक्रोमोलर धरलंत ना? रेझिनवरून काढून एचपीएलसीने शुद्ध केलेलं पेप्टाइड बहुधा ट्रायफ्लुरोॲसिटेटचं मीठ असतं. तुमच्या रेणूवर सात धन जागा (सहा साखळ्या आणि मोकळं अमिनो टोक), प्रत्येकीला 114, म्हणजे 798. पेप्टाइड 1898 चं. बाटलीतल्या वजनात पेप्टाइड 70 टक्के, पाणी धरलं तर त्याहून कमी. खरं द्रावण 35 च्या आसपास आहे.

पण म्हणून हुरळून जाऊ नका. 18 रेसिड्यूंचा पूर्ण हेलिक्स 25 अंशांना 222 वर साधारण −32,000 देतो. −4,000 म्हणजे साधारण 12-13 टक्के, सुधारून −5,700 झाले तरी 18 टक्के.

आणि पीबीएस सोडा. क्लोराइड 200 नॅनोमीटरच्या खाली प्रकाश गिळतं. 10 मिलिमोलर सोडियम फॉस्फेट घ्या, मीठ हवंच असेल तर सोडियम फ्लोराइड. 1 मिमीचा क्युव्हेट.

स्टेपलर
i आणि i+4 वर (एक जागा आणि तिच्या चार जागा पुढची) ओलेफिनवाली अमिनो आम्लं घालून ग्रब्ज कॅटॅलिस्टने स्टेपल करा, म्हणजे दोन्ही जोडून हेलिक्स पक्का करा. प्रोटिएजपासूनही (प्रोटीन तोडणारी एन्झाइमं) बचाव होतो.

पाषाणकर
प्रोटिएजचं कोणी विचारलंय? शिवाय स्टेपलने जलविरोधीपणा वाढतो, मग तांबड्या पेशीही फुटायला लागतात.

माझ्या मते बदल दोनच. तिसऱ्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामेट: सातव्या लायसिनशी i ते i+4 जोडी जमते, ऋण भार अमिनो टोकाजवळ येतो, ग्लायसिनही जातं. दुसरं, अमिनो टोकाला ॲसिटिल, कार्बॉक्सिल टोकाला अमाइड. भार +5 उरतो, जंतूंच्या मेम्ब्रेनसाठी चालून जावा.

कोथरूडचा_कोड
मग 14 ला पण ग्लुटामेट घाला की. 10 आणि 18 दोन्हीकडे लायसिन, डबल ब्रिज.

पाषाणकर
नको. ऋण भार कार्बॉक्सिल टोकाकडे गेला की द्विध्रुवाला उलटा पडतो. त्यात 10-14 ची जोडी लायसिन आधी, ग्लुटामेट नंतर अशी बसते, आणि तो क्रम कमी उपयोगाचा. भारही +3 वर येईल.

सीडीवाली
मला तर पाण्यात हेलिक्स हवा हा हट्टच पटत नाही. पाण्यात आधीच वळलेली अशी पेप्टाइडं जलविरोधी बाजू लपवायला एकमेकांना चिकटतात, मधमाशीच्या विषातलं मेलिटिन जास्त सांद्रतेला चार-चारचा गठ्ठा करतं तसं. ग्लायसिन 13 तर मुळीच हलवू नका, जलविरोधी बाजूला तेवढी सैल जागा राहू दे. हेमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) न बघता हेलिक्स वाढवणं धोक्याचं.

आहे तेच पेप्टाइड आधी मेम्ब्रेनसोबत मोजा: पीओपीसी-पीओपीजी 3:1 (साधं आणि ऋण भाराचं लिपिड), सोनिकेट करून बारीक वेसिकल (लिपिडचे फुगे), पेप्टाइड 25 मायक्रोमोलर, लिपिड 2 मिलिमोलर. मोठ्या वेसिकलने 200 च्या खाली प्रकाश विखुरतो. घाई असेल तर 30 मिलिमोलर एसडीएस (डिटर्जंट), पण पोटॅशियम फॉस्फेटमध्ये नको, पांढरा साका बसेल. सोबत टीएफई (ट्रायफ्लुरोइथेनॉल, हेलिक्सला पोषक द्रावक) 0 ते 50 टक्के.

वळणदार
म्हणजे टूल नाहीच?

पाषाणकर
पाण्यात हेलिक्स किती होईल हे वर्तवायला अगाडिर आहे. पीएच, तापमान, टोकं भरा, दोन्ही सिक्वेन्स शेजारी ठेवून तुलना करा. पण ते एकट्या पेप्टाइडचं गणित, लिपिडचा त्यात विचार नाही. मेम्ब्रेनसाठी हेलिक्वेस्टमध्ये हायड्रोफोबिक मोमेंट बघा, म्हणजे जलविरोधी मंडळी एका बाजूला किती गोळा झालीत ते.

ढगाळ
बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडता का? पुण्यात जुलैमध्ये पावडर ओल खाते. आधी डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

एमडी_महर्षी
200 नॅनोसेकंदांत हेलिक्स टिकला याला अर्थ नाही, सुरुवातच हेलिक्सपासून केलीत. ताणलेल्या साखळीपासूनही चालवा, दोन्हींचं उत्तर जुळलं तरच बोला. रेप्लिका एक्सचेंज (अनेक तापमानांना एकदम चालवणं) केलंत तर उत्तम. काही फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) हेलिक्सकडे झुकतात. तुमचं कोणतं होतं?

वळणदार
डीफॉल्ट होतं ते. तिसऱ्या जागी ई (ग्लुटामेट) आणि दोन्ही टोकं झाकून ऑर्डर टाकतो. शुक्रवारपर्यंत टीएफई कोणाकडे मिळेल का?

एमडी_महर्षी
कशातलं डीफॉल्ट?