गुडघा बदलावा की ढकलत राहावं? अनुभव सांगा

फोंडेकर काका
चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली म्हणून माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या मांडवाची, लाकडं काढायला माळ्यावर चढलो तर कोपऱ्यात माझी कंडक्टरची चामड्याची बॅग सापडली, पट्टा शाबूत, वर बुरशी. फोंडा-पणजी लायनीवर जन्म उभ्याने गेला, वळणावर एका पायावर भार टाकून तिकिटं फाडायची, तोच उजवा गुडघा आधी गेला. डॉक्टर म्हणतात शेवटची स्टेज, हाडावर हाड घासतंय, बदलून घ्या. बायको पण तेच म्हणते. मला भीती वाटते बाबा. कष्टाचं काम केलेल्यांनी सांगा, केलं की नाही केलं?

मयेची सून
सासूबाईंचे दोन्ही झाले. शेत, काजूची बाग, सगळं वाकून. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं तेव्हा फिजिओवाल्या मुलीला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. पण रडत का होईना व्यायाम केला म्हणून आज जिना चढतात. शेजारणीने टाळाटाळ केली, तिचा पाय अजून नीट वाकत नाही. थांबा कुकर

डंपरवाला
मी नाही केलं. डिचोलीला खाणीवर गाडी चालवायचो, क्लच दाबून दाबून डावा गेला. 2012 ला खाणी बंद पडल्या, गुडघ्याला तेवढा आराम (हसू नका, हप्ते डोक्यावर होते). एकाने एक्सरे बघूनच ऑपरेशन सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, रात्री दुखून झोप मोडते का, किती चालता? म्हटलं देवळापर्यंत जातो येतो. मग म्हणे घाई नको, वजन उतरव, मांडीचे स्नायू घट्ट कर. एक्सरे माझ्यापेक्षा म्हातारा आहे, मी अजून चालतो.

फोंडेकर काका
माझी झोप रोज मोडते रे. कूस बदलली की कळ.

डंपरवाला
मग काका तुमची केस वेगळी. माझं ऐकू नका.

रिटायर्ड सिस्टर
ऑर्थो वॉर्डात होते म्हणून विचारते, शुगर किती? ती वर असेल तर जखम चिघळते. किडका दात असेल तर आधी दाखवा, सांध्यात इन्फेक्शन शिरलं तर परत उघडावं लागतं. पायात गुठळी होऊ नये म्हणून औषध देतात ते चुकवायचं नाही. नवा सांधा बहुतेकांचा 15-20 वर्षं सहज जातो, म्हणून पन्नाशीच्या माणसाला थांब म्हणतात, तुम्हाला नाही. कमोड बसवून घ्या, खाली मांडी घालणं विसरा.

फोंडेकर काका
मांडी न घालता आरतीला बसायचं कसं?

माशेलचा बाब्या
काका आरती उभ्यानेच करतात!! पंगतीत टेबल मागा, सगळ्या म्हाताऱ्यांची सोय होईल. बाणस्तारीच्या माटोळी बाजारात कोण जाणार? मला माटोळीला टांगायला कांगलां आणि माट्टी ही रानफळं हवीत.

मयेची सून
कांगलां आमच्या डोंगरावर आहेत, गाडी घेऊन ये.

पाडेल्याचा पोर
बाबा माड चढायचे, त्यांचा खुब्याचा सांधा गेला. बदलला, दुखणं गेलं, पण माडावर चढायचं नाही म्हणून सांगितलं. ते ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं त्यांना. आता दुसरा पाडेली वर चढला की खाली उभं राहून ओरडतात, तो नारळ कोवळा आहे, सोड. लोक वैतागलेत.

पेडण्याची ताई
खर्चाचं कोणी बोलतच नाही. 2017 साली सरकारने गुडघ्याच्या सांध्यांवर किमतीची मर्यादा घातली, साधा कोबाल्ट-क्रोमचा 54,720 वर आणला, जीएसटी वेगळा. पण बिलात खोली, भूल, सर्जनची फी असते, त्यामुळे सांधा स्वस्त झाला म्हणून खूश होऊ नका, पूर्ण आकडा लिहून घ्या. दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी काउंटरवर विचारा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पण चौकशी करा, तिथे फक्त नंबर लागायला धीर हवा.

माशेलचा बाब्या
ताई, माट्टीचं काय?

फोंडेकर काका
तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आला, 8.4. सिस्टर?

रिटायर्ड सिस्टर
सर्जनला दाखवा, बहुतेक आधी खाली आणा म्हणतील. तोवर मांडीचा व्यायाम सुरू करा, ऑपरेशननंतर तोच कामाला येतो. भात कमी.

फोंडेकर काका
आणि चवथीच्या नेवऱ्या (करंज्या)?

रिटायर्ड सिस्टर
एक. बायकोला मोजायला सांगा.