मदत हवी आहे: १९४८च्या सुमाराच्या शंटिंग डिझेलवर वायरलेस कसा बसवू?

नमस्कार मंडळी. अल्को कंपनीच्या एस-२ या अमेरिकन शंटिंग (यार्डात डबे इकडून तिकडे हलवणाऱ्या) इंजिनाचं एचओ मापाचं (१:८७) मॉडेल करतोय. खरं इंजिन १००० हॉर्सपॉवरचं, १९४० ते १९५० दरम्यान न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला बनलेलं. बॉडी, बोगी, रंग झाले. गाडी अडलीय ती वायरलेसवर.

यार्डमास्तर आणि ड्रायव्हर यांच्यात थेट बोलणं दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलं. त्यासाठी मिळालेली फ्रिक्वेन्सी १६० मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे पाव तरंगलांबीची एरिअल साधारण ४७ सेंमी. माझ्या मापात जेमतेम साडेपाच मिलिमीटर! गिटारची पहिली तार कापून कॅबच्या छपरावर उभी केली, पण धरून उचललं की वाकतेच.

पेनसिल्वेनिया रेल्वेच्या फोटोंत मात्र इंजिनावर लांब आडवे पाइप दिसतात. ती इंडक्शनवाली (तार न जोडता चुंबकीय क्षेत्राने संदेश पोचवणारी) 'ट्रेनफोन' पद्धत. रुळांलगतच्या तारांमधून संदेश जायचा. हे पाइप मेन लाइनच्या इंजिनांवर बघितलेत, पण शंटरवरही असायचे का?

दुसरं, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) वायरलेस सेट म्हणजे चांगलं धूड. तो कॅबमध्ये ठेवत की बाहेर पेटीत? आणि इंजिनाच्या ६४ व्होल्ट बॅटरीवर तो चालवायला कन्व्हर्टर कुठे बसवायचे?

नाशिकरोड, इगतपुरी, मनमाडकडच्या निवृत्त रेल्वेवाल्या काकांनी आपल्या जुन्या शंटरांवरचा अनुभव सांगितला तरी चालेल. छपराचा वरून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर सोन्याहून पिवळं.