भाड्याची मिनीव्हॅन हायवेला डुलते, स्टीअरिंग आपोआप ओढतं. उद्या परतायचंय, मदत हवी आहे

पाऊलवाट
सहलीसाठी तीन दिवस मिनीव्हॅन भाड्याने घेतली आहे. एरवी मी छोटी हॅचबॅक चालवते. गावातल्या गावात व्हॅन फार आवडली, उंच बसायला मिळतं, पुढचं सगळं दिसतं. पण काल हायवेला ९० च्या वर गेले की मागचा भाग डुलायला लागायचा आणि मधूनच स्टीअरिंग स्वतःहून ओढ घ्यायचं. एकदा तर मी लेन बदलतेय आणि ते मला मागे आणतंय असं झालं. हाताला घाम फुटला. उरलेला रस्ता ७० ने आले. उद्या सकाळी ३४० किमी परत जायचंय आणि करारावर ड्रायव्हर म्हणून माझं एकटीचंच नाव आहे. गाडी खराब आहे का? चालवू की नको? लवकर सांगा.

चाकोरी
कुठलं मॉडेल, किती साली आलेलं, किती किमी झालेली? माणसं किती, सामान किती? ओढ एकाच बाजूला का दोन्हीकडे? स्टीअरिंग ओढतं की थरथरतं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

ग्रीसचे हात
व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, गेलंय, दुसरं काही नाही. भाड्याच्या गाड्या लोक खड्ड्यांत आपटतात, फुटपाथवर चढवतात. आजच्या आज गॅरेजला न्या.

शिंपला
गाडी परत करण्याआधी चारही बाजूंचे, इंधनाच्या काट्याचे आणि किलोमीटरचे फोटो काढून ठेवा. बऱ्याच करारांत टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग विम्यातून वगळलेला असतो. नंतर भांडून उपयोग होत नाही.

पाऊलवाट
शिंपला, विम्याचं मी विचारलेलं नाही. मॉडेलचं नाव इथे देत नाही, कंपनीशी बोलणं चालू आहे. गाडी नवीच वाटते. आम्ही सात जण, सगळी मोठी माणसं. सामान नेहमीसारखंच. ओढ कधी डावीकडे, कधी उजवीकडे. थरथरही येते, पण सारखी नाही.

चाकोरी
दोन्हीकडे ओढते म्हणजे अलाइनमेंट नव्हे. अलाइनमेंट गेलं असेल तर गाडी सतत एकाच बाजूला जाते, ४० लाही जाणवतं.

ग्रीसचे हात
वीस वर्षं हेच काम करतोय. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बिघडला की गाडी दोन्हीकडे भटकते. रस्त्यात चाकोऱ्या पडल्या असतील तर जास्तच. घरी बसून निदान करू नका.

चाकोरी
टो बिघडल्यावर गाडी भटकते हे मान्य. पण ती ड्रायव्हरला लेन बदलू देत नाही, असं होत नाही. पाऊलवाट, लेन बदलताना इंडिकेटर दिला होता का?

पाऊलवाट
रस्ता रिकामा होता, नाही दिला. त्याचा काय संबंध?

दूरचा दिवा
संबंध आहे! ती लेन कीप असिस्ट आहे. काचेच्या वरच्या बाजूला असलेला कॅमेरा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघतो. इंडिकेटर न देता चाक पट्टीकडे गेलं की गाडीला वाटतं तुम्हाला डुलकी लागली, मग ती स्टीअरिंग थरथरवते किंवा हलकेच आत वळवते. साधारण ६० किंवा ७० च्या वरच चालू होते, म्हणून गावात कळलं नाही. इंडिकेटर दिला की सोडून देते. मीटरवर दोन रेषांमध्ये गाडीचं चित्र दिसतं का बघा. तिचा जोर फार कमी असतो, हाताने सहज मोडता येतो. पण माहीत नसेल तर माणूस दचकतोच, पहिल्या वेळी मीही दचकलो होतो.

पाऊलवाट
चित्र आहे! हिरवं असतं, मधेच पिवळं होतं. बंद कसं करू?

दूरचा दिवा
स्टीअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर तसंच चित्र असलेलं बटण असेल. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की ती यंत्रणा परत सुरू होते, हे लक्षात ठेवा. मी म्हणेन चालूच ठेवा, नुसता इंडिकेटर देत चला.

रानवारा
मुळात मिनीव्हॅन घ्यायचीच कशाला? एसयूव्ही घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता.

जुनं_लोखंड
रानवारा, एसयूव्हीलाही लेन कीप असते आणि ती तर आणखी उंच. मिनीव्हॅनचा फ्लोअर खाली असतो, कारण बहुतेक मिनीव्हॅनमध्ये पुढच्या चाकांना ताकद असते, मधून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नसतो. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या शेवटी डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर आणल्या तेव्हा हाच विचार होता: कारसारखी चालवता यावी, घरच्या गॅरेजात मावावी. युरोपातली रेनॉ एस्पास ही मिनीव्हॅन १९८४ ची. म्हाताऱ्या माणसांना पायरी न चढता आत बसता येतं, यापेक्षा मोठी सोय मला तरी माहीत नाही.

रानवारा
मिनीव्हॅनला वारा लागतो हे तरी मान्य करा. भिंतीसारखी बाजू असते.

चाकोरी
हे मात्र खरं. पण धागा भरकटतोय. पाऊलवाट, ओढण्याचं कळलं, डुलण्याचं अजून नाही. "सामान नेहमीसारखंच" म्हणजे काय? कुठे ठेवलंय?

पाऊलवाट
छतावर कॅरिअर आहे, चार मोठ्या बॅगा तिथे. तिसरी रांग उघडली की डिकीत जागाच राहत नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. आईला तिसऱ्या रांगेत खूप मळमळलं, तिच्यामुळेच मला घाई आहे.

चाकोरी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. छतावरचं वजन गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतं, म्हणून लेन बदलताना ती हेलकावे खाते. आता ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर स्टिकर असेल. टायरची हवा त्यावर दिलेली असते, बऱ्याचदा माणसं आणि सामान मिळून किती किलो चालतं तेही. नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा, छताची वेगळी मर्यादाही तिथेच सापडेल. सातही जणांचं वजन आणि बॅगांचं वजन मिळवा. सात सीट आहेत म्हणजे सात मोठी माणसं आणि शिवाय सामान चालतं, असं नसतं.

शिंपला
आईंना मधल्या रांगेत बसवा. तिसरी रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते, तिथे प्रत्येक हेलकावा मोठा लागतो आणि पुढचा रस्ताही दिसत नाही. मधल्या रांगेतून समोर लांबवर बघायला सांगा, मोबाईल नको.

पाऊलवाट
धन्यवाद शिंपला, मघाशी तुटक बोलले.
स्टिकरवर ५६० किलो आहे. आम्ही सात जण मिळून अंदाजे ४९०, बॅगा १२०. म्हणजे ६१०. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

ग्रीसचे हात
हवा बघा आधी. सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना. गरम टायर चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दाखवतं.

पाऊलवाट
सकाळी ६ वाजता मोजली. स्टिकरवर चारही चाकांना ३६ लिहिलंय. पुढे ३५ आणि ३५, मागे २९ आणि २८. मीटरवर टायरचा दिवा लागलेला नाही. असं कसं?

ग्रीसचे हात
तो दिवा बऱ्याच गाड्यांत हवा २५ टक्के कमी झाल्याशिवाय लागत नाही. ३६ चे २५ टक्के म्हणजे ९, दिवा २७ ला लागला असता. तुम्ही काठावर होतात. सगळं वजन मागे आणि मागेच हवा कमी, मग ती डुलणारच. ३६ करा. चाकोरी म्हणाला ते वजनाचंही बरोबर आहे.

दूरचा दिवा
आणि लहान गाडीपेक्षा हिला थांबायला जास्त अंतर लागतं. पुढच्या गाडीपासून चार सेकंद तरी मागे राहा. वळताना जरा पुढे जाऊन मग वळवा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटरच्या आसपास असतं, मागचं चाक आतून कापतं.

पाऊलवाट
पोचलो. भाऊ आणि वहिनी दोन बॅगा घेऊन रेल्वेने आले. उरलेल्या दोन छतावरून काढून तिसऱ्या रांगेत रिकाम्या झालेल्या जागेत आणि तिच्या मागे खाली ठेवल्या, पट्ट्याने बांधून. चारही टायर ३६. आई मधल्या रांगेत बसली, दोन तास झोपली. १०० ला गाडी सरळ चालत होती, इंडिकेटर दिला की ओढ नाही. एका पुलावर वाऱ्याचा धक्का बसला तेवढाच. शेवटचे ५० किमी तर मला चालवायला आवडले.
थांबल्यावर थोड्या वेळाने परत हवा मोजली. तीन टायर ३८-३९, मागचं डावं ३३.

ग्रीसचे हात
म्हणजे त्यात बारीक पंक्चर किंवा व्हॉल्व्ह गळतोय. गाडी परत देताना लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढच्या घरातली माणसं तीच गाडी नेणार आहेत. आणि अलाइनमेंटही बघायला सांगा.